एकच प्रशिक्षक, दोन संघ: अमेरिकेतल्या लहान कॉलेजांतली फुटबॉल-बास्केटबॉलची कारकीर्द

मैदानवेडा

या धाग्यात फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. आपल्याकडे त्याबद्दल बोलणं होतं ते एनएफएल ही व्यावसायिक लीग आणि मोठी विद्यापीठं यांच्यापुरतं. पण प्रशिक्षकाचं खरं कसब बघायचं तर हजार-दोन हजार विद्यार्थ्यांच्या कॉलेजांकडे बघावं. तिथे कितीतरी दशकं एकच माणूस शरद ऋतूत फुटबॉल आणि हिवाळ्यात बास्केटबॉल शिकवत असे. शिवाय वर्गावर तास, मैदानावर चुन्याच्या रेषा, बसचं भाडं आणि घोट्याच्या पट्ट्या, हे सगळं त्याच्याच अंगावर.

तीन कारकिर्दी समोर ठेवतो. एडी रॉबिन्सन १९४१ मध्ये लुइझियानातल्या ग्रॅम्बलिंगला आले. त्याआधी बॅटन रूजच्या पशुखाद्याच्या गिरणीत ते तासाला २५ सेंटवर काम करत होते. कॉलेजचा पगार ठरला महिना ६३.७५ डॉलर. पहिला हंगाम तीन विजय, पाच पराभव. दुसऱ्या वर्षी नऊपैकी नऊ जिंकले आणि वर्षभरात एकही गुण दिला नाही. १९९७ ला थांबले तेव्हा फुटबॉलचे ४०८ विजय नावावर होते. बास्केटबॉलचेही २८८ विजय आहेत, ते सहसा कुणी मोजत नाही.

दुसरे क्लॅरेन्स 'बिग हाऊस' गेन्स. मॉर्गन स्टेटमधून पदवी घेऊन १९४५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या विन्स्टन-सालेमला सहायक म्हणून आले. वर्षभरात मुख्य प्रशिक्षक निघून गेले आणि सगळे खेळ यांच्याकडे आले. १९४९ नंतर फुटबॉल सोडलं, बास्केटबॉल १९९३ पर्यंत चालवलं. ८२८ विजय.

तिसरे जॉन गलार्डी. कोलोरॅडोतल्या ट्रिनिडादच्या शाळेत प्रशिक्षक युद्धावर गेले म्हणून १९४३ मध्ये, सोळाव्या वर्षी, खेळता खेळता संघ हातात घेतला. १९४९ ला माँटानातलं कॅरोल कॉलेज, तिथे फुटबॉलबरोबर बास्केटबॉलही. १९५३ पासून मिनेसोटातलं सेंट जॉन्स, ते थेट २०१२ पर्यंत. एकूण ४८९ विजय, १३८ पराभव, ११ बरोबरी. कॉलेज फुटबॉलमध्ये इतके विजय दुसऱ्या कुणाचेही नाहीत.

माझं म्हणणं असं की या तिघांची पद्धत तुटवड्यातून घडली. खेळाडू कमी, वेळ कमी, पैसे कमी. जाणकारांनी तपशील टाकावेत: दोन हंगामांचा सांधा कसा जुळवायचा, आणि एक खेळ सोडायचा तो कधी?

---

ओहायोकर

सांध्यापासून सुरू करतो, कारण दोन खेळांचा प्रशिक्षक तिथेच अडकतो. फुटबॉलचे सामने सप्टेंबरच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. बास्केटबॉलचा सराव ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतो आणि पहिला सामना नोव्हेंबरात. म्हणजे चार-पाच आठवडे दोन्ही संघ एकाच माणसाला हवे असतात. त्यात फुटबॉलचा संघ बाद फेरीत गेला तर डिसेंबर उजाडतो.

या काळात जमतं ते असं. फुटबॉल न खेळणारे चार-सहा जण, बहुतेक गार्ड (चेंडू पुढे नेणारे चपळ खेळाडू), संध्याकाळच्या जेवणानंतर जिममध्ये येतात. सराव वरच्या वर्गातला कर्णधार घेतो, प्रशिक्षकाने दुपारीच कागदावर लिहून दिलेला. फक्त चेंडू हाताळणं, पासिंग आणि शूटिंग. संघाची रचना बसवायची नाही, कारण निम्मा संघ अजून हेल्मेट घालून बाहेर आहे. रचना दोनदा शिकवली की आधी आलेले कंटाळतात आणि नंतर आलेले गोंधळतात.

फुटबॉलवाले जिममध्ये आल्यावर पहिले दहा-बारा दिवस फार जपायचे. फुटबॉलचा एक डाव चार ते सहा सेकंदांचा, मग अर्ध्या मिनिटाची उसंत. बास्केटबॉलमध्ये ती उसंत नाही. मुलगा दणकट दिसतो पण तीन फेऱ्या मारल्या की कंबरेवर हात ठेवून उभा राहतो. गवतावरून लाकडी फळ्यांवर आलेल्या नडग्यांना उड्यांचा भार सोसत नाही, आठवड्यात नडगी दुखायला लागते. म्हणून पहिल्या आठवड्यात अर्धं कोर्ट, उड्या मोजून. दुसऱ्या आठवड्यात पूर्ण कोर्ट, पण दहा-दहा मिनिटांचे तुकडे.

दुसरी अडचण फाउलची. अडीच महिने अंगावर जाऊन माणूस अडवायची सवय लागलेली असते, तीच घेऊन मुलगा आत येतो. पहिल्या तीन-चार सामन्यांत मोठे खेळाडू पहिल्या हाफमध्येच दोन-तीन फाउल करून बाकावर बसतात. त्यावर उतारा म्हणजे नाताळपर्यंत २-३ झोन खेळणं: पुढे दोघे, मागे तिघे, प्रत्येकाने आपली जागा राखायची. माणूस-माणूस बचाव, म्हणजे एकाने एकाला धरून राहणं, जानेवारीत.

---

चौकोन

गलार्डींच्या सरावाबद्दल लिहितो. त्यांची पद्धत फुटबॉलच्या रूढ शिस्तीच्या अगदी उलट होती. सरावात टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला धरून खाली पाडणं, नाही. ढकलायचे जड स्लेड नाहीत, धडकायचे डमी नाहीत. शिट्टी नाही. शिक्षा म्हणून पळायला लावणं नाही. सराव जास्तीत जास्त दीड तास, हंगाम पुढे सरकेल तसा आणखी कमी. पाणी कधीही प्यायचं. हे सांगावं लागतं कारण त्या काळी पाणी न देणं म्हणजे मुलं कणखर करणं असं मानत. कुणालाही संघातून काढायचं नाही, शेवटच्या वर्षाचे सगळे कर्णधार, आणि त्यांना 'कोच' म्हणायचं नाही, नुसतं जॉन.

यातली प्रत्येक गोष्ट लहान कॉलेजच्या हिशेबात बसते. मोठ्या विद्यापीठात सरावात एखादा खेळाडू जायबंदी झाला तर त्याच्या मागे तिघे उभे असतात. कॅरोलसारख्या ठिकाणी त्याच्या मागे कुणी नसतो, आणि तोच मुलगा पुढच्या महिन्यात बास्केटबॉलमध्येही हवा असतो. मंगळवारी गेलेला गुडघा दोन्ही संघांचं नुकसान करतो. सराव लांबवण्यातही अर्थ नाही, कारण शिष्यवृत्तीवर बांधलेलं कुणी नाही. वैतागला की मुलगा सरळ निघून जातो.

निकाल सगळ्यांसमोर आहेत. १९६३ मध्ये प्रेअरी व्ह्यूला ३३-२७ हरवून एनएआयए या लहान कॉलेजांच्या संघटनेचं विजेतेपद, १९६५ मध्ये लिनफील्डविरुद्ध ३३-०, १९७६ मध्ये टाउसनला ३१-२८ हरवून डिव्हिजन थ्रीचं, म्हणजे एनसीएए या मोठ्या संघटनेच्या, खेळाची शिष्यवृत्ती न देणाऱ्या गटाचं. आणि २००३ चा हंगाम तर दोनदा लक्षात राहणारा. ८ नोव्हेंबरला बेथेलला २९-२६ हरवून त्यांनी रॉबिन्सनांचा ४०८ चा आकडा ओलांडला. डिसेंबरात स्टॅग बोलमध्ये, म्हणजे डिव्हिजन थ्रीच्या अंतिम सामन्यात, सलग ५५ सामने जिंकून आलेल्या माउंट युनियनला २४-६ असं हरवलं. तेव्हा त्यांचं वय ७७ होतं.

---

अनवाणी

टॅकल न करता टॅकल कसं येईल? ज्या संघांनी नुसता हा नियम उचलला त्यांचे पहिले दोन-तीन सामने बघवत नाहीत. हातातून माणसं निसटतात.

---

चौकोन

निसटतात, कारण ते टॅकल वगळतात आणि त्या जागी काहीच ठेवत नाहीत. गलार्डींनी तो वेळ डाव ओळखण्याला दिला. टॅकल चुकतो तो बहुतेक वेळा हातांमुळे चुकत नाही. बचावपटू उशिरा पोचतो किंवा वाकड्या कोनातून पोचतो, म्हणून चुकतो. समोरचा संघ कसा उभा आहे त्यावरून चेंडू कुठे जाणार हे आधी कळलं तर तो दोन पावलं आधी निघतो आणि समोरासमोर पोचतो. म्हणून एक रचना लावायची, डाव चालवायचा, चेंडूवाल्याला दोन हातांनी स्पर्श करायचा आणि पुन्हा उभं राहायचं. अंग झोकायचं नसल्यामुळे उठायला वेळ जात नाही, त्याच वेळेत कितीतरी जास्त डाव होतात.

आक्रमणातही तेच. पळायचा एखादा डाव, त्यात ११ जणांची कामं. समोर चार, पाच की सहा जण उभे आहेत त्याप्रमाणे कुणी कुणाला अडवायचं ते बदलतं. हे सगळे बदल अर्ध्या वेगाने इतके घोटायचे की विचार करावा लागू नये. चूक झाली की तिथेच थांबवून तोच डाव पुन्हा. ओरडणं नाही.

मात्र एक अट आहे. मुलं शाळेत चार वर्षं टॅकल शिकून आलेली असतात, ही त्या पद्धतीची पुंजी. नवख्या मुलांच्या संघावर ती जशीच्या तशी लावली तर अनवाणी म्हणतात तसंच होईल. अशा ठिकाणी गादीवर, गुडघ्यावर बसून, डोकं बाजूला ठेवून खांदा लावण्याचा सराव रोज दहा मिनिटं हवाच. २०१० मध्ये डार्टमथ कॉलेजने सरावातला माणसावरचा टॅकल बंद केला तेव्हा त्या जागी डमी आणले, पुढे तर हलता, रिमोटवर पळणारा डमी तयार केला. २०१६ मध्ये डार्टमथ ज्यात खेळतं त्या आयव्ही लीगने हंगामातल्या सरावातून पूर्ण टॅकल काढून टाकला. गलार्डी हे पन्नासच्या दशकापासून करत होते, आणि मेंदूच्या इजेबद्दल तेव्हा फारसं कुणी बोलतही नव्हतं.

---

हिवाळी सत्र

घोट्याच्या पट्टीबद्दल कुणीच लिहीत नाही म्हणून लिहिते. लहान कॉलेजात पूर्वी दुखापती बघणारा वेगळा ट्रेनर नसायचा, त्यामुळे हे प्रशिक्षकाचंच काम होतं.

दीड इंची पांढरी टेप. पाय टेबलाच्या कडेबाहेर, पाऊल काटकोनात. पाऊल खाली लोंबलेलं असताना पट्टी मारली तर उभं राहताच ती सैल होते आणि उपयोग शून्य. टाचेमागे आणि वर जिथे बुटाची नाडी येते तिथे थोडं व्हॅसलीन लावलेला कापूस, नाहीतर फोड येतात. मग पातळ फोमची गुंडाळी. नडगीच्या खालच्या भागात दोन-तीन अँकर, म्हणजे पुढच्या पट्ट्या ज्यांवर चिकटतील ते गोल वेढे. त्यानंतर स्टिरप: आतल्या बाजूने सुरू करून टाचेखालून बाहेरच्या बाजूला वर ओढायच्या, अशा तीन, प्रत्येक पट्टी आधीच्या निम्म्या रुंदीवर. घोटा मुरगळतो तो बहुधा आत वळून, म्हणून ओढ बाहेरच्या दिशेला. मग आठाच्या आकाराचा वेढा, दोन्ही बाजूंनी हील लॉक (टाच जखडणारा वेढा), आणि वरून बंद करायचं. शेवटी बोटांची नखं दाबून बघायची; पांढरं झालेलं नख लगेच गुलाबी झालं नाही तर पट्टी घट्ट आहे, कापून पुन्हा.

सुरकुती पडली की तिथे हमखास फोड. आणि अर्ध्या तासाच्या खेळात टेपचा ताण बराच उतरतो, म्हणून हाफटाइमला निदान स्टिरप तपासायला हवेत.

आता खर्च. पंधरा यार्डाचा रोल जेमतेम दोन घोट्यांना पुरतो. चाळीस जणांचे दोन्ही घोटे म्हणजे चाळीस रोल, खोक्यात येतात ३२. एका सामन्याला खोक्यापेक्षा जास्त. म्हणून सरावाला पुन्हा वापरता येणारे नाडीचे ब्रेसेस आणि टेप फक्त सामन्याला, हाच लहान कॉलेजला परवडणारा मार्ग. आधी मुरगळलेला घोटा असेल तर मात्र सरावालाही टेप, तिथे काटकसर नको.

---

ओहायोकर

उत्तम प्रतिसाद. हे छापून जिमच्या दारावर लावावं.

आता एक खेळ सोडायचा कधी, या प्रश्नाकडे. रॉबिन्सन आणि गेन्स यांची तुलना बोलकी आहे. दोघेही कृष्णवर्णीय कॉलेजांत, वांशिक विभाजनाच्या काळात. दक्षिणेतली मोठी विद्यापीठं कृष्णवर्णीय मुलांना घेत नव्हती, त्यामुळे गुणी मुलं यांच्याकडे येत होती. पैसा मात्र येत नव्हता.

रॉबिन्सननी १९५६ पर्यंत दोन्ही खेळ सांभाळले आणि मग बास्केटबॉल सोडलं. १९४९ मध्येच त्यांचा टँक यंगर लॉस एंजेलिस रॅम्समध्ये गेला होता. कृष्णवर्णीय कॉलेजातून एनएफएलमध्ये गेलेला तो पहिला खेळाडू. ते दार उघडल्यावर फुटबॉलचं काम वर्षभराचं झालं: एनएफएलच्या पारखी मंडळींशी पत्रव्यवहार, फिल्म पाठवणं, गावोगावच्या शाळा फिरणं. पुढे दोनशेहून जास्त खेळाडू त्यांनी व्यावसायिक फुटबॉलला दिले.

गेन्सचं उलट. स्वतः फुटबॉलपटू, चांगला धिप्पाड माणूस, तरी चार हंगामांत फुटबॉल सोडलं. माझ्या मते त्यात शुद्ध अंकगणित होतं. फुटबॉलला किमान पस्तीस मुलं, पस्तीस हेल्मेट, दोन बस. बास्केटबॉलला बारा मुलं, चार मोटारी. गरीब कॉलेजात दोन असामान्य खेळाडू मिळाले तर फुटबॉलमध्ये ते बावीस जागांत हरवून जातात, बास्केटबॉलमध्ये तेवढ्यावर देश जिंकता येतो. १९६७ मध्ये अर्ल मन्रोने सामन्याला सरासरी ४१.५ गुण केले, संघ ३१ जिंकून एकच हरला आणि एव्हान्सव्हिलमध्ये साउथवेस्ट मिसुरीला ७७-७४ हरवून एनसीएएच्या कॉलेज डिव्हिजनचा, म्हणजे लहान कॉलेजांच्या गटाचा, विजेता ठरला. कृष्णवर्णीय कॉलेजाने जिंकलेलं एनसीएएचं ते पहिलं बास्केटबॉल विजेतेपद.

---

मैदानवेडा

अंकगणित पटतं, पण ते एकटं कारण पुरेसं वाटत नाही. नियमांनीही दोन खेळांची नोकरी संपवली. १९५३ मध्ये फुटबॉलमध्ये बदली खेळाडूंवर कडक बंधनं आली. त्याच अकरा जणांनी आक्रमणही करायचं आणि बचावही. तीस मुलांचा संघ आणि दीड माणसाचा प्रशिक्षकवर्ग यांत काम भागत होतं. साठच्या दशकाच्या मध्यात बदल्या मोकळ्या झाल्या. आक्रमणाचे अकरा वेगळे, बचावाचे वेगळे, लाथेचा खेळ वेगळा. संघ साठ-सत्तरचा झाला आणि प्रत्येक गटाला एक सहायक लागायला लागला. एवढ्या माणसांचा कारभार असलेला प्रशिक्षक नोव्हेंबरात उठून जिममध्ये जाऊ शकत नाही.

शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्यानंतर मुलींचे संघ उभे राहिले, आणि ते फार चांगलं झालं. पण जिमचे तास वाटले गेले. 'फुटबॉल संपलं की बघू' हे चालेना, आपली वेळ ऑक्टोबरातच पकडून ठेवावी लागते.

---

अनवाणी

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक जोड. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत शारीरिक शिक्षण संचालक हे पद आहे, ते बऱ्याच अंशी असंच. एकच माणूस कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, मैदानी खेळ, सगळ्यांचे संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांना नेतो. पावसाळा संपला की सगळ्या स्पर्धा एकमेकींवर येऊन आदळतात.

दोन्हीकडची मुळंही एका ठिकाणी भेटतात. मॅसॅच्युसेट्सच्या स्प्रिंगफील्डमधल्या वायएमसीएच्या शाळेत १८९१ च्या डिसेंबरात जेम्स नेस्मिथनी बास्केटबॉल काढलं. तेच नेस्मिथ तिथल्या फुटबॉल संघात अमोस अलोन्झो स्टॅग यांच्या हाताखाली खेळत होते. वर आलेला स्टॅग बोल हा त्याच स्टॅगच्या नावाचा. आणि १९२० मध्ये मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढणारे हॅरी क्रो बक हेही स्प्रिंगफील्डचेच. शारीरिक शिक्षणाच्या एकाच शिक्षकाने सगळे खेळ शिकवायचे, ही रीत आपल्याकडे त्या वाटेने पोचली.

ओहायोकरांनी सांगितलेली रीत, म्हणजे मोकळ्या असलेल्या खेळाडूंना कर्णधाराच्या हाती लिखित सराव द्यायचा, इथेही लागू पडते. कागदावर फक्त तीन गोष्टी: काय, किती मिनिटं, किती वेळा. 'बचाव सुधारा' असं लिहिलं तर कर्णधार सामना खेळवून मोकळा होतो.

---

नवा पाहुणा

आज कुणाला या वाटेने जायचं असेल तर? भाचा मिशिगनमध्ये एका लहान कॉलेजात खेळतो, त्याला प्रशिक्षक व्हायचंय.

---

ओहायोकर

पहिली पायरी ग्रॅज्युएट असिस्टंट. कॉलेज फी माफ करतं, थोडा भत्ता देतं, त्या बदल्यात तो एखादा गट सांभाळतो आणि बाजूने एमए किंवा एमएस करतो. दोन वर्षं. या काळात फिल्म कापणं, समोरच्या संघाचा अहवाल बनवणं आणि कपडे-हेल्मेट यांचा हिशेब ही तिन्ही कामं मागून घ्यावीत. पहिल्या दोन्हींत खेळ कळतो, तिसऱ्यात विभाग कसा चालतो ते. हंगाम संपल्यावर हेल्मेटं तपासून दुरुस्तीला पाठवायची असतात. ते जानेवारीपर्यंत राहिलं तर ऑगस्टमध्ये हेल्मेट परत आलेली नसतात.

नंतर पूर्णवेळ सहायक. लहान कॉलेजात या पदाला अजूनही जोडकाम असतं: व्यायामशाळा, जिमचं वेळापत्रक, क्वचित ट्रॅकचा संघ. फुटबॉल आणि बास्केटबॉल दोन्हींचा मुख्य प्रशिक्षक ही जोडी मात्र आता शाळांमध्येच, तीही छोट्या गावांत सापडेल.

डिव्हिजन थ्रीमध्ये जायचं असेल तर एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. १९७३ पासून तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नाही. फीची सवलत गरजेवर किंवा गुणांवर, आणि ती ठरवण्यात प्रशिक्षकाने बोट घालायचं नाही. एखाद्या पालकाला 'एवढी सवलत मिळवून देतो' म्हणणं हा नियमभंग आहे. पण दुसरीकडे बरीच खासगी कॉलेजं प्रशिक्षकाकडून दरवर्षी ठरावीक नवे विद्यार्थी मागतात, कारण प्रत्येक खेळाडू फी भरणारा असतो. मुलाखतीतच विचारावं: आकडा किती, तो न गाठल्यास काय, आणि दुसऱ्या वर्षी किती मुलं टिकली हे मोजता का? तिसऱ्या प्रश्नाला 'नाही' आलं तर तिथे भरती हेच काम असेल, शिकवणं नाही.

---

चौकोन

त्यात एवढंच घालतो की पहिल्या नोकरीसाठी हंगामाचं वेळापत्रक बघून घ्यावं. घरचे आणि बाहेरचे सामने, प्रवासाचे तास, बसमध्ये किती जागा. पन्नास जागांची एक बस असेल तर प्रवासाचा संघ पन्नासाचा नसतो. चालक सोडून प्रशिक्षक, ट्रेनर, व्हिडिओवाला आणि सामानाचा मुलगा धरले की त्रेचाळीस-चव्वेचाळीस खेळाडू जातात. कोण मागे राहणार ही यादी गुरुवारी लावायची, शुक्रवारी बसच्या दारात नाही. भाच्याला म्हणावं, पहिल्याच महिन्यात ती यादी मुख्य प्रशिक्षकासोबत बसून बनव. लाथ मारणाऱ्याच्या बदलीला कुणाला न्यायचं, लांब स्नॅप करणारा (लाथेसाठी चेंडू मागे फेकणारा) दुसरा कोण, हे त्या यादीवरून जितकं कळतं तितकं डावांच्या वहीतून कळत नाही.